जामीन मंजूर, तरी माणूस तुरुंगातच! कोर्टाचा आदेश आणि तुरुंगाचं गेट यांच्यात नेमकं अडकतंय काय?

विशेष विश्लेषण

बीड : "तुमच्या पोराचा जामीन झाला," असा वकिलाचा फोन आला की घरचे लोक दुसऱ्या दिवशी तुरुंगाच्या गेटवर जाऊन उभे राहतात. तिथं गेल्यावर कळतं की जामीन झाला असला तरी सुटका झालेली नाही. जामीनदार लागतो, त्याचा सातबारा लागतो, काही ठिकाणी ऐपतीचा दाखलाही मागतात. मग तलाठी, तहसील, वकील, परत कोर्ट असे हेलपाटे सुरू होतात. कोणाचे दोन दिवस जातात, कोणाचे दोन महिने. काही जण तर जामिनाचा आदेश खिशात असूनही आतच राहतात, कारण त्यांच्यासाठी सही करायला ऐपतदार माणूसच मिळत नाही.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना जास्त लागू आहे. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज, गेवराई या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत जातात. तिथं फडात भांडण झालं, चोरीचा आळ आला, उचलीच्या पैशावरून फसवणुकीची तक्रार झाली, तर गुन्हा तिथल्या पोलीस ठाण्यात नोंदतो. आरोपी तिथल्या तुरुंगात जातो. घर मात्र तीनशे किलोमीटरवर. अशा वेळी कोर्टाने "स्थानिक जामीनदार द्या" म्हटलं, तर तो आणायचा कुठून? परक्या गावात ओळख असते ती फक्त मुकादमाची.

कायद्यात यावर वाटा नाहीत असं नाही. चांगल्या पाच-सहा वाटा आहेत. पण त्या आपोआप उघडत नाहीत, मागाव्या लागतात. आणि मागायचं काय, हेच घरच्यांना कोणी सांगत नाही. सगळा पैसा आणि सगळा जोर "जामीन मिळवायला" लागतो, आणि जामीन मिळाल्यानंतरच्या कागदांसाठी ना पैसा उरतो ना ताकद.

आधी शब्द समजून घ्या

अटक झाल्यावर चोवीस तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. तिथं पोलिसांना तपासासाठी तो हवा असेल तर पोलीस कोठडी मिळते, तिलाच लोक 'पीसीआर' म्हणतात. ती संपली की न्यायालयीन कोठडी, म्हणजे 'एमसीआर'. एमसीआर झाला की माणूस तुरुंगात जातो आणि साधारण तिथूनच जामिनाची खरी धावपळ सुरू होते.

गुन्हे दोन प्रकारचे. काही जामीनपात्र, काही अजामीनपात्र. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, तो पोलीस ठाण्यातही मिळू शकतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातात निष्काळजीपणाने मृत्यू झाल्याचा गुन्हा गंभीर वाटतो, पण तो कायद्याने जामीनपात्र आहे. उलट साधी चोरी लहान वाटते, पण ती बहुतेक वेळा अजामीनपात्र असते. अजामीनपात्र म्हणजे 'जामीन मिळतच नाही' असं नव्हे. जामीन द्यायचा की नाही, हे कोर्ट ठरवतं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून पहिल्याच दिवशी एफआयआरची प्रत घ्या आणि कलमं वाचून घ्या. कोणती कलमं लागली हे माहीत नसताना पैशाची जुळवाजुळव करणं म्हणजे आजार न कळता औषध आणणं.

जामिनाच्या आदेशात साधारण असं लिहिलेलं असतं : "आरोपीस १५ हजार रुपयांच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर व तेवढ्याच रकमेच्या एका सक्षम जामीनदारावर मुक्त करावे." यात दोन गोष्टी आहेत. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी की मी तारखेला येईन, नाही आलो तर एवढी रक्कम देणं लागेन. जामीनदार म्हणजे त्याच्यासाठी तशीच हमी देणारा दुसरा माणूस. या घडीला १५ हजार रुपये कोणालाच भरायचे नसतात. रक्कम कागदावर असते, हमीची असते. बरेच लोक इथंच गोंधळतात आणि सावकाराकडून पैसे उचलून आणतात.

सातबारा नसलेल्याचं काय?

जामीनदार ऐपतदार आहे की नाही, हे कोर्टाला बघावं लागतं. खेड्यात ऐपत म्हणजे जमीन, असं समीकरण पडून गेलेलं आहे. त्यामुळे जामीनदाराकडे सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो मागतात. घर असेल तर घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक.

आता आपल्याकडच्या सातबाऱ्याची अवस्था बघा. निम्म्या घरांत जमीन अजून आजोबाच्या नावावर. वारसनोंद झालेली नाही. कुठं चार भावांचं सामाईक खातं. कुठं सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा चढलेला. अशा उताऱ्यावर कोर्टात प्रश्न उभा राहतो आणि "दुसरा जामीनदार आणा" असं ऐकावं लागतं. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याचे पाहुणेरावळेही बहुतेक बिनजमिनीचेच असतात. म्हणजे गुन्हा एकच, कलम एकच, आदेशही एकच. पण ज्याच्या भावकीत पाच एकर आहे तो संध्याकाळी घरी, आणि ज्याची भावकी कोयत्यावर जगते तो आत. ही शिक्षा गुन्ह्याची नाही, बिनजमिनीचं असल्याची आहे.

हे काही आजचं दुखणं नाही. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्याला जामीन मंजूर झाला होता, पण खालच्या कोर्टाने १० हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाला जामीनदार म्हणून नाकारलं. कारण काय, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती! न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हे खपवून घेतलं नाही. आपल्याच देशातला माणूस दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून परका कसा ठरतो, असा त्या निकालाचा रोख होता. मोतीरामला एक हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडण्यात आलं. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, बिहारच्या तुरुंगांतल्या कैद्यांबद्दलच्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचं सांगितलं. माणूस त्या गावात किती वर्षं राहतो, त्याचं कुटुंब कुठं आहे, काम काय करतो, आधी कधी कोर्टात गैरहजर राहिला का, हे बघा. मुळं घट्ट असतील तर नुसत्या जातमुचलक्यावरही सोडता येतं.

म्हणजे जवळपास पन्नास वर्षांपूर्वी कायद्याने बीडच्या ऊसतोड मजुराचा प्रश्न सोडवून ठेवलाय. तरी आज कोल्हापूरच्या कोर्टात बीडचा सातबारा नेला तर "स्थानिक नाही का कोणी?" हा प्रश्न येतोच.

मुकादम जामीनदार झाला तर?

परमुलखात स्थानिक जामीनदार म्हणून मुकादमाचा किंवा त्याच्या ओळखीच्या बागायतदाराचा पर्याय सोपा वाटतो. पण त्याची किंमत बघा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातला एक आत गेला की जोडी मोडते, तोड थांबते, उचल मात्र अंगावर तशीच राहते. त्यात जामीनदारकीचं उपकारही चढलं, की पुढचा हंगाम त्याच टोळीत, तो म्हणेल त्या भावात काढायची वेळ येऊ शकते. म्हणून घरच्यांनी आधी आपल्याच माणसाला, म्हणजे भाऊ, चुलता, मेहुणा, साडू यांना जामीनदार म्हणून पुढे करावं. ते दुसऱ्या जिल्ह्यातले असले तरी चालावेत, असं वकिलामार्फत कोर्टाला लेखी सांगावं. मोतीरामचा निकाल त्यासाठीच आहे.

आणि कोर्टाबाहेर "कागद माझ्याकडे सोडा, जामीनदार मी देतो" म्हणणारा कोणी भेटला तर लांब राहा. भाडोत्री जामीनदार आणि बनावट सातबारे यांचे प्रकार राज्यात पोलिसांनी वेळोवेळी उघड केले आहेत. असा जामीनदार पकडला गेला तर तुमच्या माणसाचा जामीन धोक्यात येतो, वर फसवणुकीचा आणि बनावट कागदाचा नवा गुन्हा येतो.

जामीनदार व्हायला लोक घाबरतात, ते कितपत खरं?

"सही केली की जमीन गेली," असं गावात बोललं जातं. ते तसं नाही. जामीनदाराने सही केली म्हणून त्याची जमीन कोर्टाच्या नावावर होत नाही, त्याला लगेच पैसेही भरावे लागत नाहीत. त्याची जबाबदारी एकच : आरोपी तारखेला हजर राहिला पाहिजे. आरोपी पळाला, तारखा चुकवायला लागला, तर कोर्ट आधी नोटीस काढतं आणि हमीची रक्कम का वसूल करू नये, असं विचारतं. समाधानकारक उत्तर नसेल तर ती रक्कम भरावी लागते. म्हणजे १५ हजारांचा जामीनदार असेल तर जबाबदारी १५ हजारांची, साऱ्या शेताची नव्हे. आणि आरोपी ऐकत नाही असं दिसलं, तर आपल्याला या हमीतून मोकळं करा, असा अर्ज जामीनदार कधीही करू शकतो.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. आधी कोणाकोणाला जामीन राहिलात, हे कोर्टाला खरं सांगावं लागतं. तसं प्रतिज्ञापत्रच द्यावं लागतं. तिथं लपवाछपवी नको.

गावाने हेही समजून घ्यावं की जामीनदार होणं म्हणजे आरोपीची बाजू घेणं नव्हे. खटला संपेपर्यंत तो कोर्टात येईल, एवढंच आपण सांगतो. ज्याच्या घरात चोरी झाली किंवा ज्याचं डोकं फुटलं, त्याला आरोपी मोकळा फिरताना बघून राग येणार, हे साहजिक आहे. पण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नाही. खटला चालतोच. साक्षीदाराला धमकावलं, फिर्यादीच्या घरावरून चकरा मारल्या, तर जामीन रद्द करा असा अर्ज करता येतो, आणि कोर्ट तो रद्द करूही शकतं.

आदेश निघाल्यावर सात दिवस आणि एक महिना

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही आत राहिलेल्या कैद्यांसाठी काही निर्देश दिले. ते साध्या भाषेत असे :

१) कोर्टाने जामीन दिला की आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला पाठवायची. जामीन कोणत्या तारखेला झाला, याची नोंद तुरुंगाच्या संगणकात करायची.

२) सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी माणूस पाठवून अडचण काय ते बघायचं.

३) कैदी म्हणाला की मला बाहेर सोडलं तर मी जामीनदार आणतो, तर कोर्ट त्याला ठरावीक मुदतीसाठी तात्पुरता जामीन देऊ शकतं.

४) एक महिन्यात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टाने स्वतःहून अट बदलण्याचा किंवा सैल करण्याचा विचार करायचा.

५) स्थानिक जामीनदाराची अट सुटकेला उशीर करते, म्हणून ती शक्यतो घालू नये.

शेवटचा मुद्दा परत वाचा. बाहेरगावी अडकलेल्या आपल्या माणसांसाठी हा एकच मुद्दा वकिलाच्या हातात दिला तरी काम हलू शकतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी एक प्रकरण आलं. गिरीश गांधी नावाच्या एका आरोपीला तेरा गुन्ह्यांत जामीन मिळाला होता, पण प्रत्येक गुन्ह्यासाठी वेगळे जामीनदार आणणं त्याला जमेना. सर्वोच्च न्यायालयाने तेच जामीनदार अनेक गुन्ह्यांत चालतील, असा दिलासा दिला. त्या वेळी न्यायालयाने जगाची रीतही सांगितली. फौजदारी खटल्यात जामीन कोण राहतं? जवळचा नातेवाईक, नाहीतर जुना मित्र. जामीनदारांचा बाजार काही मोठा नसतो.

मग मागायचं काय? या वाटा लक्षात ठेवा

पहिली वाट, रोख जामीन. जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरून घ्या, असा अर्ज करता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९० त्यासाठी आहे. महाराष्ट्रातल्या कोर्टांत बऱ्याचदा अशी सोय देतात की आधी रोख भरून माणूस बाहेर काढा आणि काही आठवड्यांत जामीनदार द्या. जामीन अर्जातच ही विनंती करून ठेवली तर दुसरा अर्ज आणि दुसरी तारीख वाचते. भरलेल्या रकमेची पावती जिवापाड जपा. अटी पाळल्या तर हे पैसे परत मिळतात. तो दंड नव्हे.

दुसरी वाट, रक्कम कमी करणं. जामिनाची रक्कम अवाजवी नसावी, असं कलम ४८४ सांगतं. पोलिसांनी किंवा दंडाधिकाऱ्यांनी ठरवलेली रक्कम सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय कमी करू शकतं.

तिसरी वाट, नुसता जातमुचलका. जामीनपात्र गुन्ह्यात अटक होऊन आठवडा झाला आणि जामीनदार देता आला नाही, तर हा माणूस गरीब आहे असं मानायला तेवढं कारण पुरेसं आहे. कलम ४७८ तसं सांगतं. अशा वेळी त्याला जामीनदाराशिवाय सोडलं पाहिजे. जामीनपात्र गुन्ह्यात कोणी आठवड्यापेक्षा जास्त आत असेल, तर तो प्रश्न त्याच दिवशी कोर्टापुढे न्या.

चौथी वाट, प्रतिज्ञापत्र. जामीनदाराची ऐपत दाखवायला कोर्ट प्रतिज्ञापत्रही स्वीकारू शकतं. कलम ४८५ मध्ये तसं आहे. तहसीलचा दाखला मिळेपर्यंत माणूस आत ठेवलाच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही.

पाचवी वाट, सरकारी मदत. गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये योजना आणली. जामीन मिळूनही पैशाअभावी सुटका होत नसेल, तर जिल्हास्तरीय समिती प्रकरण तपासते. या समितीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. समितीने शिफारस केली तर २०२३ च्या नियमांप्रमाणे ४० हजार रुपयांपर्यंतची रक्कम कोर्टात भरता येते. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि दहशतवादविरोधी कायद्यातल्या आरोपींना मात्र ही योजना नाही.

दिवस मोजा, वही ठेवा

जामीन नाकारला गेला असेल तरी दिवस मोजणं सोडू नका.

पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत, म्हणजे जन्मठेप-फाशीच्याही, ही मुदत ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६० दिवस. कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली तो दिवसही यात मोजायचा. पण हा हक्क मागावा लागतो. मुदत उलटली आणि तुम्ही अर्ज केला नाही, तेवढ्यात दोषारोपपत्र आलं, तर हक्क गेला. म्हणून साठावा आणि नव्वदावा दिवस भिंतीवरच्या कालदर्शिकेवर खूण करून ठेवा आणि वकिलाला चार दिवस आधी आठवण द्या.

दुसरा हिशोब कलम ४७९ चा. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा लागू झाला. त्यात पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या आणि आधी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचं आहे. बाकीच्यांसाठी ही मर्यादा निम्म्या शिक्षेची. उदाहरण घ्या. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे. पहिलाच गुन्हा असेल तर एक वर्ष झालं की हे कलम लागतं, नाहीतर दीड वर्षाला. कालावधी भरला की तुरुंग अधीक्षकांनीच कोर्टात अर्ज करायचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा फायदा १ जुलै २०२४ च्या आधीच्या प्रकरणांतल्या कैद्यांनाही मिळेल.

इथंही मेख आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात हे कलम लागत नाही. आणि एकाच माणसावर एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा प्रकरणं चालू असतील, तरीही लागत नाही. एका भांडणात चार कलमं लागली तर काय, यावर वकिलाचा सल्ला घ्यावाच लागेल.

तिसरा हिशोब दंडाधिकाऱ्यांसमोर चालणाऱ्या अजामीनपात्र खटल्यांचा. पुराव्यासाठी ठरलेल्या पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत खटला संपला नाही आणि आरोपी तेवढा सगळा काळ आत असेल, तर जामीन द्यावा, असं कलम ४८० म्हणतं. नाकारायचा असेल तर कोर्टाने कारण लिहायचं आहे.

फुकटचा वकील म्हणजे कमी दर्जाचा वकील नव्हे

कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याचं उत्पन्न किती, हे बघितलं जात नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांनाही तसाच हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती. फौजदारी प्रकरणांसाठी आता जिल्ह्याच्या ठिकाणी लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत. तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात. फोन करायचा असेल तर देशभर एकच नंबर : १५१००.

माणूस बाहेरच्या जिल्ह्यात अटकेत असेल तर जामीन अर्ज तिथल्याच कोर्टात चालतो. म्हणून बीडहून वकील घेऊन जाण्यात पैसे घालवण्याआधी त्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाशी बोला. दंडाधिकाऱ्यांनी नाकारला तर सत्र न्यायालय, तिथंही नाही झालं तर उच्च न्यायालय. आपल्या जिल्ह्यातल्या प्रकरणांसाठी ते म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ.

गेटवरचा शेवटचा टप्पा

जामीनदार स्वीकारला गेला की कोर्टातून सुटकेचा आदेश निघतो आणि तो तुरुंगात पोचावा लागतो. संध्याकाळी बंदी झाल्यावर कागद पोचला तर त्या रात्री सुटका होत नाही, दुसरा दिवस उजाडतो. शाहरूख खानच्या मुलाचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २८ ऑक्टोबर २०२१ ला उच्च न्यायालयाने जामीन दिला, अभिनेत्री जुही चावला जामीनदार म्हणून उभी राहिली, तरी कागद वेळेत आर्थर रोडच्या पेटीत पडले नाहीत म्हणून सुटका झाली ३० तारखेला सकाळी. पुढे त्याच्याविरुद्ध दोषारोपपत्रही दाखल झालं नाही. एवढी मोठी वकिलांची फौज असताना ही गत, तर फडातल्या मजुराचं काय?

तालुक्याच्या ठिकाणच्या सबजेलमध्ये माणूस असेल तर तिथं तहसीलदारच अधीक्षक असतात. तिथं अडलं तर तहसील कार्यालयात विचारायचं. दुसरा कुठला गुन्हा बाकी असेल, त्यात कोठडी असेल, तर एका प्रकरणात जामीन होऊनही माणूस सुटत नाही. म्हणून आधीच चौकशी करा की अजून कुठं नाव आहे का. आणि "साहेबांना सांगून आजच सोडवतो, एवढे पाठवा" असा फोन कोणाचाही आला तरी पैसे पाठवू नका. कोर्टात भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती मिळते. जिथं पावती नाही, तो पैसा कोर्टाचा नाही.

प्रश्न फक्त घरच्यांचा नाही

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यातले सुमारे ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारातले तीन, कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. त्याच वर्षी संविधान दिनाच्या कार्यक्रमात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी न्यायाधीशांसमोरच तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांचा विषय काढला होता. त्यानंतर निर्देश आले, योजना आली, नवा कायदा आला. कागदावर कमी काही राहिलं नाही.

कमी आहे ती जोडणी. सात दिवस झाले हे तुरुंगाने कळवायचं, प्राधिकरणाने माणूस पाठवायचा, कोर्टाने अट बदलायची. यातली एक कडी जरी ढिली असली तरी बाकीचं सगळं थांबतं, आणि ढिल्या कडीचा जाब कोणी विचारत नाही. जामीन होऊनही सात दिवसांहून जास्त काळ आत असलेले किती जण आज बीडच्या कारागृहात आहेत? आपल्या जिल्ह्यातले किती जण बाहेरच्या तुरुंगांत असे अडकलेत? हा आकडा दर महिन्याला जाहीर झाला तरी अर्धं काम होईल. लोकप्रतिनिधी ऊसतोड कामगारांच्या नावाने भाषणं खूप करतात. त्यांनी निदान एवढा आकडा जिल्हास्तरीय समितीकडून मागवावा.

ग्रामपंचायतींनाही करण्यासारखं आहे. टोळ्या बाहेर पडण्याआधी प्रत्येक कुटुंबाकडे रहिवासी दाखला, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि १५१०० हा नंबर असेल एवढं बघावं. गावात मुळं आहेत, हे सांगणारा कागद जवळ असला तर परमुलखातल्या कोर्टात तोच उपयोगी पडतो. आणि वारसनोंदी राहिल्या असतील तर हंगाम सुरू व्हायच्या आत करून घ्याव्यात. आजोबाच्या नावावरच्या सातबाऱ्याने ना कर्ज मिळतं, ना जामीन.